आत्याच्या इंजिनाचा दात

आत्याच्या इंजिनाचा दात पडला त्या सकाळी मी दाढी करत होतो. एका गालाला फेस होता. अशा अवस्थेत माणसानं कुणालाही कसलंही आश्वासन देऊ नये, असं माझं आता ठाम मत झालंय. ते मत होईपर्यंत माझं काय काय झालं, त्याची ही हकीकत.

आत्या बाथरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "अरे, माझी गाडी बंद पडली."

आत्याची गाडी म्हणजे पत्र्याची, चावीची, खेळण्यातली आगगाडी. हिरवं इंजिन आणि मागे तीन डबे. आत्या लहान होती तेव्हाही ती जुनीच होती, म्हणजे आता तिचं वय काय असेल ते बघा. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर आत्या आमच्याकडे राहायला आली, ती एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात या गाडीची पेटी घेऊन. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये सोफ्याला वळसा घालून रूळ टाकलेले आहेत. रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला आत्या इंजिनाला चावी देणार, आणि गाडी सोफ्यामागून निघून टीपॉयखालून, टीव्हीच्या पुढून परत सोफ्याशी येणार. तेवढ्या वेळात कुणी रूळ ओलांडायचे नाहीत. पाहुणे बसलेले असतील तर त्यांनी पाय वर घ्यायचे. एकदा माझ्या ऑफिसचे साहेब आले होते, त्यांनाही तिनं पाय वर घ्यायला लावले. साहेबांनी मुकाट्यानं घेतले. वर "सॉरी बाई" म्हणाले.

"त्यात काय एवढं, आत्या?" मी फेसातून म्हणालो. "आठवड्याभरात दुरुस्त करून आणतो."

"आतलं दातेरी चाक आहे. त्याचा दात पडलाय."

"चाकच ना? बाजारात ढिगानं मिळतात."

हे मी कशाच्या जोरावर बोललो, देव जाणे. मी विमा कंपनीत टेबलावर बसून काम करणारा माणूस. आयुष्यात एकदाच फ्यूज बदलला, तेव्हा शेजारच्या इमारतीचे दिवे गेले होते. आत्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. वर्गात पाढे पाठ असल्याचं सांगणाऱ्या मुलाकडे ती असंच बघत असणार.

"बघू," ती म्हणाली.

त्या 'बघू'मुळे माझा अभिमान जागा झाला. तो झोपलेला असतो तेव्हाच आमच्या घरात शांतता असते.

पहिल्यांदा मी मोठ्या खेळण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मला एक प्लॅस्टिकची गाडी काढून दाखवली. तिला बॅटरी होती. ती लाल-निळे दिवे लावून गाणं म्हणत भिंतीवर आदळत होती आणि पुन्हा मागे येऊन त्याच उत्साहानं आदळत होती.

"मला गाडी नको, गाडीचं चाक हवंय. आतलं. दातेरी."

"साहेब, खेळणं मोडलं की दुसरं घ्यायचं," दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाला. "सुटे भाग कोण ठेवतो हो?"

तिथून मी घड्याळजीकडे गेलो. पूर्वी त्याच्या दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकायची. आता भिंतभर मोबाईलची कव्हरं लटकत होती. मी इंजिन काउंटरवर ठेवलं. त्यानं सवयीनं खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि आत डोकावून एक दीर्घ सुस्कारा सोडला. डॉक्टरनं असा सुस्कारा सोडला असता तर मी जागच्या जागी बसलो असतो.

"काय झालं?"

"काही नाही. बरं वाटलं बघून." त्यानं भिंग परत खिशात ठेवलं. "असली चाकं कापणारे एक जण होते, ते गेले. दुसरे मुलाकडे परदेशी गेले. तिसरा मी. मी कव्हरं विकतो. फोन कुठला तुमचा?"

मी कव्हर घेऊन घरी आलो.

आता ही बातमी आमच्या शेजाऱ्यांपर्यंत पोचायला नको होती. पण ती पोचली, कारण शेजारी आमच्या दाराशीच उभे होते. यांना सगळी सोसायटी 'मी म्हणतो' या नावानं ओळखते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं आणि सहसा तिथेच परत येतं.

"मी म्हणतो, चाक शोधता कशाला? छापून घ्या ना! हल्ली यंत्रं निघालीत. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, बटण दाबायचं, वस्तू छापून हातात. मी म्हणतो, माणसानं काळाबरोबर चालावं."

त्यांनी स्वतः पट्टी घेऊन चाक मोजलं, स्वतः चित्र काढलं आणि स्वतः जाऊन छापूनही आणलं. मोजताना त्यांची मिलिमीटर आणि सेंटिमीटरमध्ये किंचित गल्लत झाली होती. पिशवीतून जे बाहेर आलं त्यावर आमच्या बायकोनं पुढे बरेच दिवस गरम पातेली ठेवली. दुसऱ्यांदा मात्र चाक बरोबर आकाराचं आलं. ते बसवलं, आत्यानं चावी दिली, गाडी सुटली. मी विजयी मुद्रेनं हाताची घडी घातली. गाडी टीपॉयखाली गेली आणि बाहेर येईना. मग तिथून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला.

"मी म्हणतो, तत्त्वतः चाललं," शेजारी म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

"दातच पडलाय ना?" बायको म्हणाली. "मग खाली डॉक्टरीणबाई आहेत की. त्या दातच बसवतात."

ती हे चेष्टेत म्हणाली होती. पण आत्या चेष्टा करत नाही, आणि दुसऱ्यानं केलेली तिला ऐकूही येत नाही. "उद्याची वेळ घे," ती मला म्हणाली.

दातांच्या दवाखान्यात मी इंजिन मांडीवर घेऊन बसलो. दोन्हीकडे गाल धरलेली माणसं. समोरच्या बाईंनी रजिस्टर उघडलं.

"पेशंटचं वय?"

"नव्वदीच्या पुढे असेल."

"अरे बापरे. जिना उतरून आणलंत? आहेत कुठे?"

"हे काय," मी मांडीकडे बोट दाखवलं. शेजारचा माणूस गाल धरूनच एक खुर्ची पलीकडे सरकला.

डॉक्टरीणबाई मात्र देवमाणूस. त्यांनी चाक दिव्याखाली धरलं, सगळ्या दातांवरून आकडा फिरवला आणि म्हणाल्या, "पडलेल्याची चिंता नाही, शेजारचे दोन हलताहेत." मग त्यांनी माणसाला लावतात ते मिश्रण लावून, निळा प्रकाश टाकून नवा पांढराशुभ्र दात बसवला. पितळी चाकात तो एकटाच चमकत होता. "लगेच जोर देऊ नका," असंही सांगितलं.

आम्ही जोर दिला नाही. आत्यानं अगदी हलक्या हातानं चावी फिरवली. गाडी सुटली, सोफ्याला वळली, टीपॉयखालून बाहेरही आली. आत्याचा हात नकळत घड्याळाकडे गेला, गाडी वेळेत आहे का ते बघायला. तेवढ्यात आतून 'टक्' असा आवाज झाला, पांढरा दात गोळीसारखा सुटला आणि नेमक्या त्याच वेळी "मी म्हणतो, काय झालं" असं विचारत आत आलेल्या शेजाऱ्यांच्या चष्म्यावर बसला. त्याच्यामागोमाग ते हलणारे दोन दातही आले.

 आत्यानं इंजिनावर हातरुमाल घातला.

हसण्यासारखं यानंतर फारसं काही उरलं नाही. आत्या संध्याकाळी ठरल्या वेळेला हॉलमध्ये येऊन बसायची आणि रिकाम्या रुळांकडे बघायची. मी पाय खाली सोडून बसलो तरी रागवायची नाही. एक दिवस बायको स्वयंपाकघरातून चेहरा पाडून बाहेर आली.

"अहो, आज आत्याबाईंनी भाजीला नावं ठेवली नाहीत."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं काय? मीठ घालायलाच विसरले होते मी. तशीच जेवल्या."

हे ऐकल्यावर मात्र मी कॉम्प्युटर उघडून पुन्हा शोधाला लागलो. चाक मिळणं आता माझ्या अभिमानापुरतं राहिलं नव्हतं.

खूप शोधल्यावर परदेशातल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा पत्ता लागला. त्याच्याकडे अशी दोनच चाकं उरली होती. एक तो मला द्यायला तयार होता, दुसरं त्याच्या स्वतःच्या इंजिनासाठी होतं आणि त्याबद्दल विचारू नये अशी त्यानं विनंती केली होती. चाक निघालं, समुद्र ओलांडून आलं आणि आमच्या पार्सल ऑफिसात येऊन अडकलं.

"हे काय मागवलंत?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"खेळण्याचं चाक आहे, साहेब."

"इथं लिहिलंय, रेल्वे इंजिनाचा सुटा भाग, एक नग."

"खेळण्यातल्या रेल्वेचा."

"खेळण्यातल्या असं लिहिलेलं नाही."

"पण साहेब, डबी बघा ना. काडेपेटीएवढी आहे. तिच्यात रेल्वेचं चाक मावेल का?"

"आम्ही डबीवर जात नाही. कागदावर जातो. तुमचं इंजिन खरं इंजिन नाही, असा वाहतूक खात्याचा दाखला आणा."

मी वाहतूक खात्यात गेलो. तिथले कारकून कपाटामागे डबा खात बसले होते. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "इंजिन असल्याचा दाखला आम्ही देतो," ते म्हणाले. "नसल्याचा द्यायची पद्धत नाही."

"मग असल्याचा द्या."

"त्याला तपासणी लागते. इंजिन घेऊन या."

मी ऑफिसला दांडी मारून इंजिन घेऊन गेलो. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चालवून दाखवा."

"चालत नाही. म्हणून तर चाक मागवलंय."

"चालत नाही? मग हे इंजिन कसं?" त्यांचा चेहरा उजळला. पद्धत नसलेला दाखला त्यांना आता पद्धतशीर देता येणार होता. 'सदर वस्तू तपासली असता ती इंजिन नसल्याचे आढळून आले,' असं लिहून त्यांनी शिक्का मारला. आत्याच्या तोंडावर हे वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही.

पार्सलच्या साहेबांनी दाखला दोनदा वाचला. "तुमच्याकडे इंजिनच नाही," ते म्हणाले. "मग इंजिनाचा भाग हवा कशाला तुम्हाला?"

त्या क्षणी मी जे बोललो ते मला आठवत नाही. पण रांगेतल्या माणसांनी मला पाणी आणून दिलं होतं, एवढं आठवतं.

काही दिवसांनी त्या साहेबांची बदली झाली आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. त्यांनी कागद न वाचताच सही केली. मी डबी तिथेच उघडली. आत पातळ कागदाची घडी होती. घडीवर चाकाचा गोल ठसा उमटला होता, प्रत्येक दात स्पष्ट. चाक मात्र नव्हतं.

"तपासणीला उघडलं असेल तेव्हा पडलं असेल कुठंतरी," बाई म्हणाल्या. "पार्सल मिळालं ना पण?"

मी पार्सल ऑफिसच्या फरशीवर रांगत होतो. टेबलाटेबलाखालून जात होतो. लोक मला बघून न सांगता पाय वर घेत होते. मला दोन टाचण्या, एक बटण आणि पेन्सिलीचं टोक सापडलं. घरी येऊन मी त्या व्यापाऱ्याला दुसऱ्या चाकाबद्दल विचारलं. विचारू नये हे माहीत असून विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

शेवटचा उपाय म्हणून मी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. चावीच्या जुन्या इंजिनाचं दातेरी चाक हवं आहे, असं लिहिलं. जाहिरात छापून आली आणि तिच्या बरोबर खाली दुसरी जाहिरात होती: चावीच्या जुन्या इंजिनाची स्प्रिंग हवी आहे. बनावट तीच, मॉडेल तेच. म्हणजे त्या माणसाकडे असलंच इंजिन होतं! त्याची स्प्रिंग गेली असेल, तर चाक शाबूत असणार! मी धावत फोन लावला. फोन व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. बराच वेळ हेच चाललं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, फोन ठेवून बघा जरा. तो तुम्हालाच लावत असेल."

मी फोन ठेवला. तत्क्षणी वाजला.

असे चष्मेवाले आमच्या घरी आले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते मुलीच्या हाती देऊन मोकळे झालेले सडपातळ गृहस्थ. पत्नी गेल्यापासून एकटेच. छातीशी एक खोकं धरलेलं. ते आत्यासमोर बसले आणि दोघांनी एकमेकांच्या इंजिनांकडे बघितलं. चहा आला, निवला, परत गेला.

"आपल्या गाडीची तब्येत कशी आहे?" चष्मेवाल्यांनी चौकशी केली.

"तुमच्या गाडीची कशी आहे?" आत्या म्हणाली.

"स्प्रिंग सोडली तर ठणठणीत."

"आमचीही. चाक सोडलं तर."

 दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे समोरच्यानं आपलं इंजिन उघडून द्यावं. आणि दोघांनाही ती मागायची लाज वाटत होती. अखेर चष्मेवाल्यांनी खोकं हळूच पुढे सरकवलं.

"बाई," ते म्हणाले, "दोन बंद गाड्या असण्यापेक्षा एक चालती असावी. माझं चाक घ्या. अट एकच. रोज संध्याकाळी मला इथं बसून बघू द्या."

आत्यानं चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "वेळेवर यावं लागेल," ती म्हणाली.

चष्मेवाल्यांनी आपल्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं आधी स्वतःचं इंजिन उघडलं.  चाक बाहेर काढल्यावर त्यांनी ते एकदा तळहातावर ठेवून पाहिलं आणि मग आत्याच्या इंजिनात बसवलं. बायको ओल्या हातानं येऊन उभी राहिली. 'मी म्हणतो' दारातच थांबले, आणि नवल म्हणजे काहीच म्हणाले नाहीत.

आत्यानं चावी दिली. अगदी नेहमीच्या मापानं, कमी नाही, जास्त नाही.

गाडी सुटली. तो खडखड आवाज ऐकून मला जे वाटलं ते सांगायला लागलो तर विमा कंपनीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गाडी वळली, टीपॉयखालून बाहेर आली, टीव्हीच्या पुढून डौलात गेली. "अरे, पाय!" आत्या ओरडली. मी पाय वर घेतले. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी पाय वर घेतले नव्हते. बायकोनं पदरानं डोळे टिपले. चष्मेवाले गाडीबरोबर मान वळवत होते.

दुसऱ्या फेरीत सोफ्याजवळ 'झण्ण' असा आवाज आला. इंजिन जागच्या जागी उडालं आणि आडवं पडलं. आत्याची ती इतकी वर्षं साथ दिलेली स्प्रिंग मध्येच तुटली होती, आणि तुटताना चष्मेवाल्यांच्या चाकाचे निम्मे दात घेऊन गेली होती.

कुणाची चूक असती तर बरं झालं असतं. मी शेजाऱ्यांकडे आशेनं पाहिलं, पण ते बिचारे दारातून हललेही नव्हते. चावी जास्त झाली नव्हती, तेल कमी पडलं नव्हतं. पत्रा, पितळ आणि पोलाद म्हातारं झालं होतं, एवढंच. आता जगाच्या पाठीवर कुठे चाक मिळालं असतं तर स्प्रिंग नव्हती, आणि स्प्रिंग मिळाली असती तर चाक नव्हतं.

चष्मेवाल्यांनी खाली वाकून पितळेचे बारीक तुकडे वेचले आणि रुमालात बांधले. मला वाटलं, ते आता उठून जातील आणि परत येणार नाहीत. आत्या ताठ बसली होती.  तिनं घड्याळ पाहिलं.

"गाडीला उशीर होतोय," ती म्हणाली. "डबे काही मोडलेले नाहीत." मग माझ्याकडे वळली. "बस खाली."

"मी?"

"मग काय मी बसू? की पाहुण्यांना बसवू?"

मी ऑफिसच्या पँटमध्ये खाली बसलो, गुडघ्यांवर आलो, आडवं पडलेलं इंजिन बाजूला ठेवलं, पहिला डबा बोटांत धरला आणि ढकलायला लागलो. सोफ्यामागून. टीपॉयखाली डोकं आपटून. टीव्हीच्या पुढून.

"वळणावर हळू!" आत्या म्हणाली.

"जरा गचके बसताहेत," चष्मेवाले म्हणाले. "पण ओढ चांगली आहे."

"मी म्हणतो, शिट्टीही द्यावी," दारातून आवाज आला. मी शिट्टीही दिली. बायकोनं हसू दाबत स्वयंपाकघर गाठलं. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. दोघं म्हातारी माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली होती आणि गाडी जाईल तशा त्यांच्या माना वळत होत्या. रोज संध्याकाळी हेच आता, असा विचार माझ्या मनात आला आणि टीपॉयखालीच मला हुंदका फुटायची वेळ आली.

तेवढ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि मी तिथेच थांबलो.

आत्या ताडकन उठली. "काय तुटलं? डब्याचं चाक?"

"नाही," मी कण्हत म्हणालो. "गुडघा. माझा गुडघा वाजला."

आत्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि परत खुर्चीत टेकली.

"गुडघा होय!" ती चष्मेवाल्यांना म्हणाली. "मला वाटलं, डब्यालाच काही झालं. गुडघे काय, मिळतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चल, थांबू नकोस. गाडी मध्येच उभी आहे."